एडिथ: पणजीचं नाव परत कसं येतं?

'स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम' पाहिलाय ना? टोनी स्टार्क पीटरसाठी एक चष्मा ठेवून जातो आणि त्यातल्या एआयचं नाव असतं एडिथ. टेक्नॉलॉजी एकदम भारी, पण नाव ऐकलं तर वाटतं इंग्लंडमधल्या कुठल्या तरी आजीबाई. तर आज या आजीबाईंबद्दल.

नाव हजार वर्षांहून जुनं आहे. जुन्या इंग्रजीत 'एआड' म्हणजे संपत्ती, भाग्य आणि 'ग्यूथ' म्हणजे लढाई. दोन्हींचा मिळून अर्थ लावायला जाऊ नका, तेव्हा असे तुकडे जोडूनच नावं ठेवायचे. एडवर्ड आणि एडमंडमध्येही तोच 'एआड' आहे.

मग 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि जुनी इंग्रजी नावं एकदम गावंढळ ठरली. किती? तर 1100 मध्ये राजा पहिला हेन्री याने स्कॉटलंडच्या राजकन्येशी लग्न केलं. तिचं नाव एडिथ. राणी झाल्यावर ती झाली मटिल्डा, म्हणजे चक्क नॉर्मन नाव. (लग्नात नाव बदलणं आपल्याला काय नवीन!) तरी नॉर्मन सरदार या जोडप्याला गॉडरिक आणि गॉडगिफू अशी इंग्रजी नावं ठेवून हसायचेच. राणीलासुद्धा स्वतःचं नाव परवडलं नाही, बघा.

त्या काळातली बहुतेक नावं मेली. एडिथ तगलं, कारण विल्टनची संत एडिथ लोकांच्या श्रद्धेत होती. पुढे तेही मागे पडलं, पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना मध्ययुगाचं वेड लागलं आणि ते पुन्हा वर आलं. 1900 च्या आसपास अमेरिकेतही ते मुलींच्या पहिल्या 50 नावांत होतं. ऑक्टोबर 1915 मध्ये जर्मनांनी ब्रसेल्समध्ये एडिथ कॅव्हेल या ब्रिटिश नर्सला गोळ्या घातल्या. डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या एका मुलीला तिचंच नाव दिलं. ती म्हणजे गायिका एडिथ पियाफ.

नंतर घसरण. यात नावाचा काहीच दोष नाही हं. एकाच काळात ठेवलेली नावं एकत्रच म्हातारी होतात. 1971 च्या 'ऑल इन द फॅमिली' मालिकेत एडिथ म्हणजे मध्यमवयीन गृहिणी. असं नाव बाळाला कोण ठेवणार? पण ती पिढी गेली की नावाला चिकटलेलं वयही जातं. आईचं नाव जुनाट वाटतं, पणजीचं मात्र गोड. म्हणून आता इंग्लंडमध्ये छोट्या एडिथ पुन्हा दिसतायत. लोक श्रेय 'डाउन्टन अ‍ॅबी'ला देतात. मला विचाराल तर मालिकेने फक्त धक्का दिला, दार आधीच उघडलं होतं.

लिंडाचं काय मग? 1947 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. त्या लिंडा आत्ता कुठे आजी झाल्यात, त्यामुळे ते नाव अजून रांगेत आहे.