यंत्राची नाडीपरीक्षा

वैद्य मनगटावर बोट ठेवून नाडी पाहतो. परंतु वैद्याचे बोटच बधिर झाले असेल, तर धडधाकट मनुष्याचीही नाडी हाती लागावयाची नाही. अशा वेळी ‘हृदय बंद पडले’ असा निर्वाळा देऊन छाती फाडावयास निघालेल्या वैद्याला आपण काय म्हणू? अवजड यंत्रांच्या बाबतीत असे निर्वाळे सर्रास दिले जातात, हे आम्हांस गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. मराठी शिकविणाऱ्याचा लोडरच्या गिअरबॉक्सशी संबंध तो काय? पण तो आला, आणि आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे.

बेळगाव परिसरातील एका खडीच्या खाणीवर हा मुलगा व्हील लोडर चालवितो. घरी आई आणि कॉलेजात शिकणारी बहीण. मिळवता हाच एकटा. एके दिवशी तिन्हीसांजेला यंत्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक बगलेत मारून तो आमच्या दारी उभा राहिला. “गुरुजी, एवढी चार पानं मराठीत समजावून सांगा. नाहीतर गिअरबॉक्स मीच घालवला असं ठरतंय.”

हकीकत अशी. लोडर मधूनच दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसे, वर चढावयास तयार नसे. वेगाचा आकडा शून्यावर जाई, पुन्हा आपोआप येई. पडद्यावर १९१ आणि ५ असे दोन अंक उमटत. फिटरने सेन्सर बदलला. अंक तेच राहिले. मग गिअरबॉक्स उतरवून खोलावयाचा आणि नुकसानीचा भार चालकाच्या पगारावर टाकावयाचा, अशी भाषा मालकाकडून सुरू झाली.

आम्ही पुस्तक उघडले. हा सेन्सर म्हणजे काय, ते आधी समजून घेतले. गिअरबॉक्समध्ये एक दातेरी चक्र फिरत असते. त्याच्या अगदी जवळ, पण त्याला न टेकता, सेन्सरचे टोक बसविलेले असते. आत एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. प्रत्येक दात समोरून जाताना चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात विजेचा एक ठोका उमटतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. चक्राला ६० दात असून ते मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५०० ठोके पडतात. ठोके मोजले की वेग कळला! चक्र हळू फिरू लागले की हा ठोका क्षीण होतो. म्हणून काही यंत्रांत एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारा, बहुधा तीन तारांचा सेन्सर असतो. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते. पण तो मंद गतीही अचूक टिपतो.

गिअरबॉक्समध्ये आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दंडांचे वेग यंत्राचा नियंत्रक सतत ताडून पाहतो. दोहोंचे गुणोत्तर जुळले, तर क्लच घट्ट धरला आहे. बिघडले, तर तो घसरतो आहे. एका बाजूची नाडीच लागेनाशी झाली की नियंत्रक बिचारा अंधारात चाचपडतो आणि क्लच जळू नयेत म्हणून पुष्कळ यंत्रांत गिअर एका जागी धरून ठेवतो. पाहणाऱ्याला वाटते, गिअरबॉक्स गेला! वस्तुतः तो स्वतःस जपत असतो.

आता ते दोन अंक. जे १९३९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतपद्धतीत अशा अंकांची जोडी एखाद्या वाक्यासारखी वाचावयाची असते. पहिला अंक उद्देश्य, दुसरा विधेय. १९१ म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या दंडाचा वेग. ५ म्हणजे विद्युत्प्रवाह नेहमीपेक्षा कमी, अथवा मार्ग तुटलेला. आम्ही मुलास म्हटले, “अरे, या वाक्यात ‘सेन्सर बिघडला’ असे कोठे आहे? ‘गिअरबॉक्स खोला’ असे तरी कोठे आहे? वाट तुटली आहे, एवढेच यंत्र सांगते. कोठे तुटली, ते तू शोधावयाचे.”

शोधाचा क्रमही पुस्तकात होता. तो आम्ही मराठीत उतरवून दिला. यंत्र सपाट जागी, बकेट जमिनीवर टेकलेली, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे, मधल्या सांध्याचा लॉक घातलेला, इंजिन आणि चावी बंद. याशिवाय खाली हात घालावयाचा नाही. प्रथम डोळ्यांनी पाहावे: कप्लरमध्ये पाणी, गंज, वाकलेली पिन, वायर कोठे घासलेली. मग सेन्सर काढून टोक पुसावे. चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो आणि ठोका मंदावतो. मात्र धातूचे मोठे तुकडे निघाले, तर दुखणे खरोखर आतले आहे असे समजावे. पुढे मीटरने वेटोळ्याचा रोध मोजून पुस्तकातील आकड्याशी ताडावा. हॉलच्या सेन्सरला ही परीक्षा लागू नाही, तेथे चावी चालू करून वीज पोहोचते की नाही ते पाहावे. नंतर तोच रोध नियंत्रकाकडच्या कप्लरवर मोजावा आणि मोजता मोजता वायरिंग हलवून पाहावे. सेन्सर परत बसविताना टोक आणि दात यांतील अंतर पुस्तकाप्रमाणे राखावे. एवढे सारे निर्दोष ठरले, तरच गिअरबॉक्सकडे बोट दाखवावे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत मुलाने फिटरलाच हाताशी घेऊन ही परीक्षा केली. काढून टाकलेला जुना सेन्सर मोजला. आकडा पुस्तकातल्या मर्यादेत. नवाही तसाच. नियंत्रकाच्या बाजूला मात्र आकडा दिसे, वायरिंग हलविले की नाहीसा होई. हाताने चाचपीत गेल्यावर एका पट्टीच्या कडेशी वायर सापडली. तिची क्लिप कधीची निसटलेली; वरचे आवरण नुसते खरचटलेले; आतील तांब्याचे धागे मात्र धक्क्यांनी तुटलेले. वाट सुरळीत असताना धागे एकमेकांस टेकत, खड्ड्यात चाक गेले की सुटत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

वायर नीट जोडली, ओल जाऊ नये अशी बंद केली, नवी क्लिप लावली, अंक पुसले. लोडर चारही गिअर चढला. गिअरबॉक्स खोलावा लागला नाही, पगार कापला गेला नाही. मालक पुढे काही बोलले नाहीत; क्षमाही कोणी मागितली नाही. नवा सेन्सर तेवढा जादा म्हणून कपाटात पडून आहे.

फिटरला आम्ही दोष देत नाही. हात कसबी होता. वाक्य अर्धेच वाचले गेले होते. आपल्याकडच्या कितीतरी मुलांची अवस्था हीच आहे. घरी मराठी, कामावर कन्नड आणि हिंदी, पुस्तक इंग्रजीत. आणि ठपका मात्र ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्याच्यावर. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत अजून इंग्रजी जाणणारी एखादी आत्या, एखादा निवृत्त काका असतोच. त्यांनी शेजारच्या चालकाला, फिटरला आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. एक पान मराठीत समजावले तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. तो मुलगा आता दर रविवारी येतो. वही त्याची, अक्षर त्याचे. गेल्या खेपेस सोबत तो फिटरही होता.