रंगाचा सातबारा

मी कायद्याचा पदवीधर नव्हे. कामगारांच्या तक्रारी घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजविताना जेवढा कायदा अंगी लागला, तेवढीच माझी विद्या. एका कंपनीने चक्क एक रंग आपल्या नावावर करून घेतला, असे ऐकले तेव्हा मी संतापलो. इंद्रधनुष्याचाही आता सातबारा निघणार की काय! पण खटल्याची हकीकत वाचली आणि माझे मत पुष्कळसे निवळले. तीच आज आपणापुढे मांडतो.

खटला अमेरिकेतला. क्वालिटेक्स ही कंपनी लाँड्रीतील इस्त्रीयंत्रांवर घालावयाच्या गाद्या बनवी. १९५० च्या दशकापासून त्यांचा रंग सोनेरी झाक असलेला हिरवा. १९८९ मध्ये जेकब्सन या प्रतिस्पर्धी कंपनीने तशाच रंगाच्या गाद्या विकावयास काढल्या. क्वालिटेक्सने दावा लावला आणि १९९१ मध्ये तो रंग व्यापारचिन्ह म्हणून नोंदवूनही घेतला. खालच्या कोर्टात ती जिंकली. पण नुसता रंग हे चिन्ह होऊच शकत नाही, असे अपील कोर्टाने म्हटले. अखेर २८ मार्च १९९५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की रंगही चिन्ह होऊ शकतो.

मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली ही, की पुष्कळ दिवसांच्या वापराने गिऱ्हाइकाच्या मनात त्या रंगाची आणि त्या मालाची गाठ पडलेली असली पाहिजे. आज रंग लावला आणि उद्या हक्क सांगितला, असे चालत नाही. दुसरी अट ही, की तो रंग वस्तूच्या उपयोगाचा भाग असता कामा नये. गादीवरचे डाग दिसू नयेत म्हणून तिला कोणता तरी रंग हवा हे खरे. पण तो हिरवा-सोनेरीच हवा असे नाही. याउलट १९९४ मध्ये होडीच्या इंजिनाचा काळा रंग नोंदविण्यास अमेरिकेतल्याच एका अपील कोर्टाने नकार दिला. काळे इंजिन कोणत्याही रंगाच्या होडीला शोभते आणि आकाराने लहान भासते. ही सोय एकट्याला देता येत नाही.

या दुसऱ्या अटीचे मर्म कामगाराला चटकन उमगेल. सूतगिरणीत निरनिराळ्या नंबरांच्या सुताला निरनिराळ्या रंगांचे कोन वापरतात, म्हणजे सुतात सूत मिसळत नाही. असा राबणारा रंग कोणी एकट्याने अडवून कसे चालेल?

आपल्याकडे १९९९ च्या कायद्यातील व्याख्येत रंगांच्या जुळणीचा उल्लेख आहे. एकट्या रंगाचा स्पष्ट उल्लेख नाही.

आता प्रश्न असा, की हे संरक्षण हवे कशाला? ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही, ती दुकानात 'तो लाल पुडा द्या' म्हणून मागते. रंगाची नक्कल झाली तर पहिली फसते तीच. म्हणून मी म्हणतो, कायद्याने राखावी ती तिच्या डोळ्यांची ओळख. ती ओळख तिने वर्षानुवर्षे पदरचे पैसे मोजून पक्की केली आहे. कंपनी तिची फक्त राखणदार. रंग मात्र सर्वांचाच.