पाक ओळखावा कसा? : काकवी, वडी आणि चिक्की

आज आपण चुलीपाशी बसून गप्पा मारणार आहोत. माताभगिनींनी ऐकावंच, पण शेतकरी बंधूंनी आणि गुरुजी-बाईंनीही उठून जाऊ नये. कारण आजचा विषय स्वयंपाकाचा असला, तरी त्यात शेतीही आहे आणि विज्ञानाचा एक पुरा पाठही आहे.

संक्रांत जवळ आली की घरोघरी काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. एका घरची तिळाची वडी तोंडात घातली की विरघळते. शेजारच्या घरी तेच तीळ, तोच गूळ, पण वडी अशी होते की आजोबा म्हणतात, "अगं, खलबत्ता आण!" तिसऱ्या घरी चिक्की ताटाला अशी चिकटते, की ताट चाटावं लागतं. मग सूनबाई हिरमुसते आणि सासूबाई म्हणतात, "हाताला गुण असावा लागतो."

हाताला गुण असतो हे खरं. पण तो गुण म्हणजे काही जादू नव्हे. पाकातलं पाणी किती आटलं, आणि तो पाक आपण केव्हा हलवला, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. त्या ज्याला कळल्या, त्याचा गूळ वाया जात नाही.

आता कुंडलचंच उदाहरण घेऊ. कुंडल म्हटलं की 1942 नंतरच्या प्रतिसरकारची आणि तुफान सेनेची आठवण निघते. पण कृष्णेच्या खोऱ्यातला हा मुलूख उसाचाही आहे. आज तिथं क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावानं सहकारी साखर कारखाना उभा आहे. या पट्ट्यातला बराचसा ऊस आता कारखान्यांकडे जातो, आणि गावोगावची गुऱ्हाळं पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. गुऱ्हाळ कमी झालं, की गुळाबरोबर आणखी एक गोष्ट घरातून जाते. ती म्हणजे पाक ओळखणारी नजर. पूर्वी पोरं गुऱ्हाळावर जायची, रस प्यायची, भाकरीबरोबर काकवी खायची आणि गुळव्याचं काम बघत बघत शिकायची. आता ते शिकणं आपल्याला घरात आणि शाळेत करावं लागेल.

गुळव्या काय करतो, ते आधी पाहू. चरकातून निघालेला रस काहिलीत येतो. खाली चिपाडाचा जाळ असतो. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यानं मळी एकत्र येऊन वर तरंगते आणि ती काढून टाकता येते. रसातला आंबटपणा मारण्यासाठी चुन्याची निवळी घालतात. मग रस आटत जातो. दहा किलो उसापासून साधारण एक किलो गूळ मिळतो, म्हणजे बाकीचं चिपाड आणि पाणी. अर्ध्या वाटेवर, रस दाट आणि तांबूस झाला की जी काढून घेतात ती काकवी. आणखी आटवून, वाफ्यात ओतून, घोटला की गूळ. म्हणजे काकवी आणि गूळ यांत फरक काय? पाण्याचा आणि घोटण्याचा!

आता गुरुजींसाठी थोडं विज्ञान. नुसतं पाणी 100 अंशांना उकळतं आणि कितीही जाळ घातला तरी उघड्या भांड्यात तिथंच राहतं. पण त्यात साखर असली, की उकळण्याचा अंश वर चढतो. जसजसं पाणी उडून जातं तसतसा तो आणखी चढतो. म्हणून पाक किती तापला हे कळलं, की त्यात पाणी किती उरलं हेही कळतं. साधारण 104 अंशांना पाकात दोनतृतीयांश साखर आणि एकतृतीयांश पाणी असतं. काकवी याच्या आसपासची. 112 ते 116 अंशांना मऊ गोळी होते. गूळ काहिलीतून उतरवतात तो साधारण 116 ते 120 अंशांच्या दरम्यान. आणि 140 च्या पुढं, 150 पर्यंत, कडक पाक होतो. त्यात पाणी जवळजवळ उरतच नाही.

पण घरात तापमापक कुठला? तो नको. एक वाटी गार पाणी जवळ ठेवा. पाकाचा थेंब त्यात टाका आणि बोटांनी उचलून पाहा. थेंब पाण्यात पसरला, तर अजून पाक व्हायचा आहे. बोटांत धरून मऊ गोळी वळली आणि दाबली की चपटी झाली, तर हा मऊ गोळीचा पाक, तो वडीचा. गोळी घट्ट झाली आणि आपला आकार धरून राहिली, तर घट्ट गोळीचा पाक; तो लाडवाचा. आणि थेंब काचेसारखा कडक होऊन कट्‌कन मोडला, तर तो चिक्कीचा. वाटीतलं पाणी दर वेळी बदलायचं, म्हणजे परीक्षा खोटी ठरत नाही. आणि परीक्षा घेताना पातेलं जाळावरून बाजूला घ्यायचं. तुम्ही थेंब चाचपत बसाल तेवढ्यात पाक पुढं निघून जातो.

आता चिक्की करू. पाव किलो भाजलेले, सालं काढलेले शेंगदाणे आणि पाव किलो गूळ घ्या. दुकानात चिक्कीचा गूळ म्हणून वेगळा मिळतो, तो असला तर उत्तम. दाणे अर्धे करून घ्या. बुरशीचा वास येणारा, काळपट पडलेला दाणा निवडून टाका. एक कुजका दाणा चव बिघडवतो आणि शरीरालाही अपाय करतो. काम सुरू करण्याआधीच पोळपाटाला आणि लाटण्याला तूप लावून ठेवा, मागून नव्हे. गूळ किसून, चमचाभर तूप आणि दोन चमचे पाणी घालून मंद जाळावर ठेवा. विरघळल्यावर कचरा दिसला तर गाळून घ्या. मग न थांबता ढवळत राहा. फेस येईल, रंग गडद होईल, वास बदलेल. थेंब कट्‌कन मोडला, की चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. गुळातल्या आंबट अंशाशी त्याचा संबंध येऊन बारीक बुडबुडे सुटतात, आणि चिक्की दाताला खुसखुशीत लागते. दाणे घालून झटपट ढवळा, पोळपाटावर ओता, लाटा आणि गरम असतानाच सुरीनं रेघा मारा. गार झाल्यावर रेघांवर तुकडे पडतात.

आता मऊ वडीकडे वळू. त्यासाठी आधी जरा दूरच्या देशात जाऊन येऊ. गुरुजींनी नकाशावर कॅनडा दाखवावा. त्या देशाच्या ध्वजावर 1965 पासून एक लाल पान आहे. ते मेपल नावाच्या झाडाचं. हिवाळा सरताना, रात्री बर्फ पडतं आणि दिवसा ऊन येतं, तेव्हा या झाडाच्या खोडाला छिद्र पाडून रस गोळा करतात. तो रस पाण्यासारखा पातळ असतो, त्यात साखर शेकडा दोनच्या आसपास. आपल्या उसाच्या रसात ती याच्या सात-आठ पट किंवा अधिकही असते! म्हणून त्या लोकांना साधारण चाळीस लिटर रस आटवावा, तेव्हा एक लिटर काकवी मिळते. तिला तिकडे मेपलचा पाक म्हणतात. हा पाक जगात सर्वांत जास्त कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात होतो. गरम पाक ताज्या बर्फावर ओतला की चिवट गोळी होते. ती काडीला गुंडाळून मुलं खातात. बघा, गार पाण्यातली आपली परीक्षा त्यांनी बर्फावर केली, आणि परीक्षेचाच खाऊ झाला.

त्याच पाकाची ते मऊ वडीही करतात. दूध, लोणी घालून केलेल्या अशा वडीला फज म्हणतात. तिच्यातलं मर्म मात्र आपल्या कामाचं आहे. पाक गोळीला आला, की तो उतरवून काही वेळ अजिबात हलवत नाहीत. थोडा निवला की मग जोरानं घोटतात. असं का? साखरेचे कण जमायला लागतात तेव्हा पाक फार गरम असला, तर थोडेच कण जमतात आणि ते मोठे होत जातात. मग वडी रवाळ, खरखरीत लागते. पाक निवल्यावर घोटला, तर एकाच वेळी असंख्य बारीक कण जमतात आणि जिभेला वडी मऊ लागते. तूप, तेल किंवा कूट मध्ये आलं की कणांना मोठं व्हायला वाव राहत नाही.

हे ज्ञान घेऊन आपण काकवीची वडी करू. दूध मात्र नको. काकवी आणि गूळ किंचित आंबट असतात, गरम दूध फाटतं. त्याऐवजी दाण्याचं कूट घ्या. दोन वाट्या काकवी जाड बुडाच्या, मोठ्या पातेल्यात घाला. पातेलं एकतृतीयांशाहून जास्त भरू नका, कारण काकवी दुधासारखी वर येते. चमचाभर तूप घातलं की फेस खाली बसतो. मध्यम जाळावर आटवा. गोळी मऊ, पण जरा धरून राहणारी झाली की उतरवा. आता हात आवरा! वाफ निघायची थांबेपर्यंत ढवळू नका. मग लाकडी उलथन्यानं घोटायला लागा. पाकाची चमक गेली, रंग फिका झाला, की वाटीभर कूट आणि वेलदोड्याची पूड घालून तुपाच्या ताटात थापा.

कधी कधी इतकं करूनही वडी सुटत नाही, चिवट राहते. तेव्हा हाताला दोष देऊ नका, उसाकडे बघा. ऊस तोडून दिवसेंदिवस पडून राहिला, किंवा रस आंबला, की त्यातल्या साखरेचे दोन भाग होतात, आणि ते कण धरू देत नाहीत. म्हणूनच शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, हे कोणताही गुळव्या तुम्हांला सांगेल. अशा काकवीत कूट वाढवा आणि लाडू वळा. मऊ राहिलेली चिक्की कुसकरून तिचेही लाडू होतात. फार कडक झालेली खलबत्त्यात कुटून घ्या. घरात काही वाया जात नाही.

गूळ घेताना केवळ पिवळाधमक रंग पाहून भुलू नका. रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी त्यात हायड्रॉस नावाची रासायनिक पूड घालतात. गूळ तांबूस, काळसर असला म्हणून वाईट नसतो.

आता दोन गोष्टी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप मी तुमच्यासमोर केला. पहिली भाजण्याची. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक ओघळत नाही. तो चिकटून बसतो, आणि तो पाण्याहून पुष्कळ जास्त तापलेला असतो. पाक चुलीवर असताना लहान मुलाला स्वयंपाकघरात मोकळं सोडू नका. पातेलं सांडशीनं पक्कं धरा. शाळेत हा प्रयोग करायचा झाला, तर पातेल्याला हात फक्त गुरुजींचा किंवा बाईंचा. मुलांनी हातभर लांब उभं राहून पाहावं आणि वाटीतला गार थेंब तेवढा चाचपावा. कोणी भाजलंच, तर त्या जागेवर लगेच नळाचं नाहीतर घागरीचं साधं गार पाणी 20 मिनिटं धरा. तूप, हळद, दंतमंजन यांतलं काही लावू नका, बर्फही नको. फोड मोठा असला, चेहऱ्यावर किंवा तळहातावर भाजलं असलं, तर दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट खाण्याची. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्ख्या किंवा अर्ध्या दाण्याची चिक्की देऊ नका; दाणा श्वासनलिकेत अडकून जिवावर बेततं. त्याला कुटाची मऊ वडी द्या, तीही बसवून, समोर राहून. आणि गुळाची आहे म्हणून चिक्की कितीही खावी, असं नाही. गुळात थोडे क्षार असतात, पण बहुतेक भाग साखरच आहे. मधुमेह असलेल्या आजोबांना ती साखरेसारखीच बाधते. मुलांनीही खाऊन झाल्यावर चूळ भरावी.

तर गुरुजी, फळ्यावर तीन ओळी लिहा: मऊ गोळी, घट्ट गोळी, कडक थेंब. आणि एक वाटी गार पाणी टेबलावर ठेवा. कुणाच्या मळ्याजवळ अजून गुऱ्हाळ चालू असेल, तर हंगाम सरायच्या आत मुलांना एकदा तिथं न्या. गुळव्याला म्हणावं, "मामा, पाक झाला हे तुम्ही कशावरनं ओळखता?" तो जे सांगेल ते मुलांना वहीत लिहून घेऊ द्या. आणि सूनबाई, या संक्रांतीला वडी बिघडली तर हिरमुसू नका. थेंब पाण्यात टाकून बघितला होता का, एवढंच स्वतःला विचारा, आणि पुन्हा चूल पेटवा.