एकच पॅकेज, पण जपून

गेल्या अंकाच्या आदल्या रात्री मी आपल्या ई-मासिकाच्या सर्व्हरवर ‘आप्ट अपग्रेड’ दिलं. त्याने एक नव्हे, नवी आवृत्ती आलेली सगळीच पॅकेजं बदलायला घेतली. मधेच प्रश्न आला: सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? झोपेच्या भरात ‘वाय’ दाबलं. सकाळी अंकाच्या जागी एनजिन्क्स या वेबसर्व्हरचं स्वागतपान! नशीब, जुनी फाइल शेपटीला ‘डीपीकेजी-ओल्ड’ लावून तिथेच ठेवलेली होती.

तेव्हापासून डेबियन-उबुंटूवर माझा क्रम ठरलेला. आधी सेटिंग आणि डेटाबेसची प्रत दुसरीकडे. मग ‘आप्ट अपडेट’. याने फक्त यादी ताजी होते. ‘आप्ट पॉलिसी एनजिन्क्स’ने आत्ताची आणि मिळणारी आवृत्ती दिसते. मग ‘आप्ट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड एनजिन्क्स’, पण पहिल्यांदा ‘-एस’ जोडून. ही रंगीत तालीम. सोबत आणखी काय बदलणार, काय काढलं जाणार, ते कळतं. काही काढलं जाणार असेल तर थांबायचं. खरोखर बदलताना फाइलचा प्रश्न आलाच, तर ‘डी’ दाबून फरक वाचायचा. नुसतं एंटर दाबलं तर जुनी फाइल राहते.

शेवटी ‘एनजिन्क्स -टी’ने सेटिंग तपासायचं आणि पान उघडून बघायचं. लायब्ररी बदलली असेल, तर ती वापरणाऱ्या सेवाही पुन्हा सुरू करायच्या. २०१४ मध्ये हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएल बदलूनही, सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत मेमरीत जुनी, सदोष प्रतच चालत असे.

आणि हो, अंकाच्या आदल्या रात्री यातलं काहीच करायचं नाही.