ॲम्बॅसडरचे मूळ इंजिन कोणते?

जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून त्या जागी अलीकडच्या काळातले, अधिक ताकदीचे इंजिन बसवणे ही गोष्ट काहींना चतुराईची वाटते, तर काहींना वारशाच्या विटंबनेसारखी. परंतु दोन्ही मतांच्या मुळाशी गृहीतक एकच असते, ते असे की प्रत्येक गाडीला एक आणि एकच 'मूळ' इंजिन असते. भारतीय रस्त्यांवर अर्धशतकाहून अधिक काळ धावलेल्या ॲम्बॅसडरचा इतिहास तपासला, की हे गृहीतक डळमळू लागते. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री या ब्रिटिश गाडीच्या आधारे ॲम्बॅसडर बनवायला घेतली, तेव्हा तिच्यात १४७६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे ज्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला असतात असे जुन्या घडणीचे इंजिन, बसवलेले होते. थोड्याच काळात ते मागे पडले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सीरिज' कुळातले, झडपा सिलिंडरच्या वर असलेले १४८९ सीसीचे इंजिन आले. १९८० च्या सुमारास त्याच कुळातले जेमतेम ३७ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आले. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस इसुझू या जपानी कंपनीच्या घडणीचे १८१७ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह आले. २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत गाडीचा गोलसर घाट जवळपास तोच राहिला, आतले यंत्र मात्र कारखान्यानेच पुनःपुन्हा बदलले.

खासगी गॅरेजमध्ये होणाऱ्या इंजिनबदलाचा इतिहासही भारतात जुनाच आहे, फक्त त्यामागे छंदापेक्षा हिशेब अधिक होता. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते त्या काळात पेट्रोलवर चालणाऱ्या जीपगाड्या आणि ॲम्बॅसडर 'डिझेलवर करून घेणे' हा गावोगावच्या मेस्त्रींचा नित्याचा उद्योग होता, आणि त्यात गाडीच्या वारसामूल्याचा विचार कोणाच्या मनाला शिवतही नसे. आजचा मालक वेगळ्या कारणांनी या वाटेला लागतो. जुन्या इंजिनाचे सुटे भाग हुडकावे लागतात, चढावर गाडी दम टाकते, द्रुतगती मार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला वाट द्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे पेट्रोल बदलले आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याआधीच्या पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर झडप जिथे टेकते त्या धातूच्या कड्याचे, म्हणजे व्हॉल्व्ह सीटचे, झिजेपासून रक्षण करीत असे, आणि जुन्या इंजिनांची रचना ते रक्षण मिळणार असे धरूनच केलेली होती. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, आणि त्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट फुगवते आणि कार्ब्युरेटरच्या आतील धातूला गंज आणते.

तरीही ही कारणे ऐकून घेताना थोडा संशय बाळगणे बरे. शिसेविरहित पेट्रोलवर तोडगा म्हणून सिलिंडर हेडमध्ये कठीण पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवता येतात आणि ते काम कोणत्याही बऱ्या लेथ वर्कशॉपमध्ये होते. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या मिळतात. आणि 'इंजिन गेले' असा ज्यांच्याविषयी निकाल दिला जातो त्यांतली कितीतरी इंजिने सिलिंडर रिबोअर करून, रिंग-पिस्टन आणि बेअरिंग नवी घालून पुढची अनेक वर्षे निमूटपणे चालतात. ज्या मालकाला एवढेच हवे आहे, त्याने नव्या इंजिनाच्या नादी लागू नये. इंजिनबदल विचारात घ्यावा तो गाडीच्या स्वभावातच फरक हवा असेल तर, आणि मग तो फरक इंजिनापाशी थांबत नाही हे आधी ओळखून.

या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या लहान स्पोर्ट्स कारचे १७९८ सीसीचे इंजिन ॲम्बॅसडरच्या इंजिनाचेच भावंड, त्याच बी-सीरिज कुळातले होते. केन कॉस्टेलो या इंग्लिश तंत्रज्ञाने तिच्यात रोव्हर कंपनीचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात चार-चारच्या दोन रांगांनी आठ सिलिंडर मांडलेले इंजिन, बसवून गाड्या विकायला सुरुवात केली, आणि पुढे खुद्द उत्पादक कंपनीनेच ती कल्पना उचलून १९७३ ते १९७६ दरम्यान एमजीबी जीटी व्ही-८ या नावाने २५९१ गाड्या बनवल्या. सिलिंडर दुप्पट आणि क्षमता जवळजवळ दुप्पट असूनही हे इंजिन जुन्या चार सिलिंडरी इंजिनापेक्षा जड नव्हते, कारण अमेरिकेतील ब्यूक कंपनीने ते मुळात ॲल्युमिनियममध्ये घडवले होते आणि बी-सीरिज इंजिन संपूर्ण ओतीव लोखंडाचे होते. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगांवरचा भार वाढला नाही आणि वळणावर गाडीचे नाक जड झाले नाही. जुन्या गाडीसाठी इंजिन निवडताना पहिला आकडा अश्वशक्तीचा न पाहता किलोग्रॅमचा पाहावा, हे या गाडीने दाखवून दिले. आणि छंदिष्टांच्या बैठकींत बरोबर याच्या उलट क्रमाने चर्चा चालते.

वजन जमले तरी जागेचा प्रश्न उरतो. लांबी-रुंदीपेक्षा अधिक अडवते ते इंजिनाच्या तळाचे तेलपात्र, ज्याला कामगार 'संप' किंवा 'चेंबर' म्हणतात. जुन्या गाड्यांत इंजिनाच्या खालून आडवी पोलादी तुळई आणि स्टीअरिंगचे दुवे गेलेले असतात, आणि नव्या इंजिनाच्या चेंबरचा खोलगट भाग नेमका तिथेच येतो. मग चेंबर कापून त्याचा आकार बदलावा लागतो, आणि तसे करताना तेल ओढून घेणाऱ्या नळीचे तोंडही हलवावे लागते, नाहीतर जोरात ब्रेक लावल्यावर किंवा तीव्र वळणावर तेल एका बाजूला सरकून बेअरिंग कोरडी पडतात. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते ते माउंटिंग नव्याने बनवायचे असतात. इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांतले असतील तर त्यांच्यामध्ये जाड धातूची ॲडॅप्टर प्लेट लागते, आणि ती बसवताना क्रँकशाफ्ट व गिअरबॉक्सचा शाफ्ट यांचे मध्यबिंदू मिलिमीटरच्या लहानशा अंशातही चुकून चालत नाहीत. चुकले तर क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग लवकर निकामी होते. म्हणूनच अनुभवी मेस्त्री इंजिन त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससकट घेण्याचा आग्रह धरतात. तसे केल्यास मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावा आणि संतुलित करून घ्यावा लागतो, पण ते काम तुलनेने सोपे आहे.

इथवरचे काम डोळ्यांना दिसते. न दिसणारा हिशेब डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधील त्या दातेरी जोडीचा असतो, जी शाफ्टचे काही फेरे घेऊन चाकाला एक फेरा देते. साध्या एमजीबीत हे प्रमाण ३.९ होते, तर कारखान्याने व्ही-८ गाडीत ते ३.०७ वर आणले. चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये पहिल्या प्रमाणाने इंजिन मिनिटाला सुमारे ३४०० फेरे घेते आणि दुसऱ्याने सुमारे २७००. जुन्या लहान इंजिनासाठी ठेवलेले डिफरन्शियल तसेच राहू दिले, तर नवे ताकदवान इंजिन महामार्गावर उगाचच किंचाळत राहते आणि पेट्रोलही अधिक पिते. खासगी इंजिनबदलात सर्वाधिक टाळला जाणारा भाग हाच, कारण तो खर्चिक आहे आणि गाडी उभी असताना कोणाला दाखवता येत नाही.

आधुनिक इंजिनाची खरी अडचण मात्र धातूत नसून तारांत आहे. जुन्या इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी मिळाली की ते चालते. गेल्या दोन-तीन दशकांतले इंजिन इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या, म्हणजे गॅरेजच्या बोलीतल्या 'ईसीएम'च्या हुकमतीखाली असते. क्रँकशाफ्टची स्थिती, शोषलेल्या हवेचे प्रमाण, पाण्याचे तापमान आणि धुरातील ऑक्सिजन यांची मोजमापे सेन्सरकडून घेऊन तो क्षणोक्षणी पेट्रोल किती द्यायचे व ठिणगी केव्हा टाकायची हे ठरवतो. अपघातग्रस्त गाडीतून इंजिन विकत घेणाऱ्याने त्याचा नियंत्रक, पूर्ण वायरिंग आणि किल्लीशी बांधलेली इमोबिलायझर ही चोरीरोधक व्यवस्था सोबत घेतली नाही, तर हाती आलेले इंजिन सुरूच होत नाही. शिवाय कार्ब्युरेटरला पेट्रोल अत्यल्प दाबाने पुरते, तर इंजेक्शन प्रणालीला वातावरणाच्या दाबाच्या साधारण तिप्पट दाब लागतो. तेव्हा पंप, नळ्या, फिल्टर आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी असे सगळे नवे घालावे लागते, आणि जुन्या नळ्यांवरच तो दाब सोपवणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, आणि आजची सर्व उपकरणे ऋण टोक पत्र्याला जोडलेले आहे असे धरून बनतात. ही उलटापालट लक्षात न आल्यास महागडा नियंत्रक पहिल्याच जोडणीत जळतो.

ब्रेकचा विचार या सगळ्याच्या आधी व्हायला हवा. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ६० किलोमीटरऐवजी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना सव्वादोनपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. जुन्या ॲम्बॅसडरला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. बंद डब्यासारख्या ड्रममधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि लांब उतारावर ब्रेक तापून पकड सोडू लागतात. म्हणून पुढच्या चाकांना उघड्या तबकडीचे डिस्क ब्रेक, पॅडलला जोर पुरवणारा बूस्टर आणि मोठा रेडिएटर हे इंजिनबदलाच्या खर्चातच धरायचे असतात. ज्या अंदाजपत्रकात यांच्यासाठी रक्कम नाही, ते अंदाजपत्रक अपुरे नव्हे तर धोकादायक समजावे.

यानंतर प्रश्न कायद्याचा येतो. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसी बुकावर, इंजिन क्रमांक, क्षमता आणि इंधनाचा प्रकार नोंदलेला असतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार ही माहिती उत्पादकाने मुळात दिलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यास त्याच कलमात वाट ठेवलेली आहे, आणि असे संच तपासणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख आहे. मात्र दुसऱ्या गाडीचे पेट्रोल इंजिन आणून बसवणे या वाटेत येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर नेणारे बदल मान्य नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे परिवहन कार्यालयाच्या पूर्वपरवानगीविना केलेला इंजिनबदल अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी मालकाच्या अंगाशी येऊ शकतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले, तेव्हा 'मूळ' या प्रश्नाला कायद्याने आपल्यापुरते उत्तर दिले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेले आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न होता मूळ रूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन या व्याख्येत बसते. त्याला 'व्हीए' ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो आणि प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन अशा मोजक्या कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. याचा अर्थ असा, की १९६५ सालच्या ॲम्बॅसडरमध्ये तिच्याच उत्पादकाने पुढे वापरलेले इसुझू इंजिन बसवले, तरी ती गाडी या व्याख्येबाहेर जाते, आणि तेच इंजिन घेऊन कारखान्याबाहेर पडलेली १९९० च्या दशकातली ॲम्बॅसडर मात्र पन्नाशी ओलांडल्यावर निर्वेधपणे आत येऊ शकते. नियमाच्या दृष्टीने मूळ म्हणजे त्या विशिष्ट गाडीचे मूळ, त्या मॉडेलचे नव्हे. आणि ही भूमिका कडक असली तरी सुसंगत आहे, कारण मॉडेलच्या इतिहासात जे जे बसले ते सर्व चालेल असे म्हटले, तर ॲम्बॅसडरसारख्या गाडीत काय चालणार नाही हे सांगणे अवघड होईल.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे 'फिवा'ची, भूमिकाही मूळ रूपाकडेच झुकणारी आहे. जुन्या गाडीचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली, तर ती ऐतिहासिक वाहन राहत नाही असे या संस्थेने म्हटले आहे, मात्र जो बदल करायचा तो पूर्ववत करता येण्याजोगा असावा आणि काढलेले भाग जपून ठेवावेत असा सल्लाही तिने मालकांना दिला आहे. भारतातल्या चांगल्या गॅरेजमध्ये हे तत्त्व व्यवहाराच्या अंगाने पाळले जाऊ लागले आहे: नवे माउंटिंग सांगाड्याला वेल्डिंगने न जोडता जुन्याच छिद्रांत बोल्टने कसले जाते, बोनेटखालचा पत्रा कापला जात नाही, जुना प्रोपेलर शाफ्ट न कापता दुसरा आणून त्याची लांबी जमवली जाते. उतरवलेल्या इंजिनातले पाणी पूर्ण काढून, स्पार्क प्लगच्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून, सर्व तोंडे बंद करून ते लाकडी चौकटीवर ठेवले जाते. क्रँकशाफ्ट अधूनमधून हाताने फिरवला, की पिस्टन रिंगा सिलिंडरला धरून बसत नाहीत. त्यावरची इंजिन क्रमांकाची पट्टी घासून किंवा रंगवून टाकू नये, कारण पुढे कोणी ते इंजिन पुन्हा त्याच गाडीत चढवून विंटेज नोंदणीसाठी अर्ज केला, तर आरसी बुकावरच्या आकड्याशी जुळवून पाहण्यासाठी तोच क्रमांक लागणार आहे.