शेतकऱ्याच्या घरचा लेखक

बोरी अरबचा मुलगा शिकायला शहरात जातो आणि कधी कधी घरची बोली बोलायला लाजू लागतो. अशा मुलाच्या आईबापांनी भालचंद्र नेमाडे यांची हकिकत वाचावी.

खानदेशातील सांगवी गावी १९३८ साली शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण पुण्यात झाले. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कोसला’ कादंबरीचा नायकही खेड्यातून पुण्यास शिकायला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, लंडनलाही शिकवले. पण साहित्य आपल्या मातीतूनच उगवावे, हे म्हणणे सोडले नाही. ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१४ चे ज्ञानपीठही मिळाले.

तेव्हा मुलगा सुट्टीत घरी आला, की त्याच्याशी आपल्याच बोलीत बोला. तिची लाज कशाला?