वाळूच्या टेकड्या आणि मन्याडची वाळू

अहमदपूर तालुका बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. माथ्यावर मुरमाड माळ, उतारावर हलकी जमीन व सखल भागात काळी जमीन, अशी येथील भूमीची सर्वसाधारण ठेवण आहे. वाळू दिसते ती मन्याडसारख्या नद्यांच्या व ओढ्यांच्या पात्रातच. राजस्थानात समुद्रापासून दूर वाळूच्या टेकड्या पसरलेल्या आहेत. मग पाऊस वारंवार दगा देत असूनही आपल्याकडे तशी टेकडी का नाही? याचे उत्तर शेतकऱ्यांस आपल्या जमिनीविषयी व पाण्याविषयी बरेच शिकविणारे आहे.

वाऱ्याची उपणणी

खळ्यावर धान्य उपणताना भुसा दूर जातो आणि दाणे जवळच पडतात. वाळवंटात वारा हेच काम करतो. मातीची बारीक धूळ तो उंच उचलून दूर नेतो. वाळूचे जड कण मात्र जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकतात. झुडूप किंवा उंचवटा आडवा आला म्हणजे वाऱ्याचा जोर मंदावतो, तेथे वाळू साचते आणि टेकडीस आरंभ होतो. टेकडीचा वाऱ्याकडील उतार सौम्य असतो, तर आडोशाकडील उतार सुमारे ३० ते ३४ अंशांचा असतो. त्याहून तो उभा झाला की वाळू आपोआप घसरते. ज्वारीची रासही याच नियमाने ठरावीक उतारावर स्थिर होते.

टेकडीवरील जीवसृष्टी

अशी टेकडी ओसाड भासली तरी निर्जीव नसते. पावसाचे पाणी वाळूत तत्काळ मुरते. वरचा थर लवकर सुकतो व खालच्या ओलीवर झाकणाप्रमाणे राहतो. त्या ओलीवर फोगाची झुडपे व सेवण गवत तग धरतात. आपण जिला शमी म्हणतो ती तिकडची खेजडीही याच प्रदेशात वाढते. या वनस्पतींच्या मुळांनी वाळू बांधली जाते. चराई व लाकूडतोड अति झाली म्हणजे बांधलेली वाळू सुटते आणि टेकडी शेतांवर व वाटांवर चालून येते.

जोधपूर येथे सन १९५२ मध्ये वाळवंटातील वनीकरणासाठी केंद्र स्थापन झाले. सन १९५९ मध्ये त्याचे रूपांतर शुष्क प्रदेशाच्या केंद्रीय संशोधन संस्थेत झाले. वाळू रोखण्याची तेथील रीत साधी आहे. प्रथम चराई बंद करावयाची, नंतर वाऱ्यास आडव्या काटक्याकुट्यांच्या ओळी रोवावयाच्या आणि त्यांच्या आडोशास गवत व झाडे लावावयाची.

काळ्या दगडाची देणगी

आपले पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनले आहे. या काळ्या दगडात वाळवंटी वाळूत आढळणारे गारेचे टणक कण जवळजवळ नसतात. तो कुजला म्हणजे त्याची मुख्यतः चिकण माती होते. ही माती ओल धरते, तिची ढेकळे बनतात व ती वाऱ्याने सहसा उडत नाही. शिवाय येथील पाऊस थरच्या वाळवंटापेक्षा बराच अधिक असल्याने माळावर गवत येते. पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटचा खडक लागतो व त्यापासून गारेची वाळू बनते. अहमदपूरच्या बाजूस मात्र वाळू ही मोजकीच ठेव होय.

ही ठेव सांभाळावी

टेकडीच्या वाळूप्रमाणे नदीची वाळूही पाणी मुरविते व त्यावर कोरडे झाकण घालते. उन्हाळ्यात पात्रात झरा उकरला असता पाणी लागते, ते याच कारणाने. वाळू खरवडून काढली म्हणजे पुराचे पाणी न थांबता निघून जाते आणि काठच्या विहिरी लवकर आटतात. सन २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरू नये. अशा जिल्ह्यात पाणी साठविणारा प्रत्येक थर मोलाचा आहे.

यास्तव नदीकाठच्या गावांनी विहिरींजवळील पात्रातून वाळू काढू देऊ नये. काठावर वाळा, निर्गुडी व करंज लावावे. माळावर पावसाळ्यात आळीपाळीने चराई बंद ठेवावी, म्हणजे गवतास बी धरता येईल. उताराच्या शेतात नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी आणि बांधावर मारवेल गवत लावावे. वाळवंटातील टेकडी गवताच्या मुळांनी थांबते, त्याच मुळांनी आपल्या उतारावरील मातीही थांबेल.